चिंधी बांधलेली बॅग

१२ जानेवारी

ताई,

तुझ्या पोरीचं लग्न ठरल्याचं मला दादाच्या बॅगेमुळे कळलं. त्याने सांगितलं नाही, बॅग आणून टेकवली. "मागचं एक चाक घासलंय, बघ जरा. महिनाअखेर निघायचंय," म्हणाला. मी विचारलं, कुठे? तर माझ्याकडेच बघत राहिला. "कुठे म्हणजे? लग्नाला!" जसं काही मी विसरले होते. मग वहिनीची बॅग आली, आत्याची आली, आत्याच्या सुनेची आली. आत्ता दुकानात आपल्याच घरच्या बॅगा ओळीने उभ्या आहेत आणि सगळ्या तुझ्याकडे निघाल्यात.

मला बोलावणं नाही, याची तक्रार करत नाहीये. बोलत नसलेल्या बहिणीला कोण बोलावतं? आईच्या आजारपणात तू फोनवर म्हणालीस, "तुझं जग त्या दुकानाएवढं, तुला काय कळतंय यातलं?" मी फोन ठेवला तो ठेवलाच. आई गेली तेव्हा तू आलीस, आपण एकाच घरात राहिलो, एकमेकींच्या हातात चहाचे कप दिले आणि तू परत गेलीस. तेव्हापासून तुझी खबरबात दादाकडून कळते आणि माझी तुला. तो सांगेल तेवढी.

दुकान बाबांनी लावलं होतं तसंच आहे. डावीकडे चाकं, उजवीकडे हँडलं, मधल्या फळीवर चेनचे डबे. काम करायची पद्धतही त्यांचीच. चाक बदललं की बॅग भरून ओढून बघायची, कारण रिकाम्या बॅगेचं चाक काही सांगत नाही. मी विटा कागदात गुंडाळून आत रचते, वर जुनी चादर कोंबते, विमानवाले चालू देतात तेवढंच वजन करते आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. तोवर हँडलला जुन्या पडद्याची चिंधी बांधलेली असते. चिंधी आहे म्हणजे आत विटा आहेत. ही खूण नसती तर आजवर एखाद्या गिऱ्हाइकाला मी विटांसकट रवाना केलं असतं.

बॅग घेऊन निघाले की समोरचे चष्मेवाले काका न चुकता विचारतात, "काय, निघालीस का?"

"निघाले."

"आम्हाला काहीतरी आण हं!" कोपऱ्यावरची फुलवाली ओरडते.

"आणते."

मग मी टोकाला वळते, परत येते आणि विटा बाहेर काढते. इतकी वर्षं झाली तरी त्यांना तो विनोद जुना वाटत नाही. मला वाटतो, पण त्यांचा हिरमोड कशाला करा?

तुझ्या पोरीला माझे आशीर्वाद. हे पत्र टाकणार नाहीये. टाकलं तर तुला वाटेल, बोलावणं मागतेय.

धाकटी


६ फेब्रुवारी

ताई,

सगळे पोचले असतील तुझ्याकडे. इथे शांतता आहे. दादा नाही म्हणजे दिवसातून दोनदा "जेवलीस का?" विचारणारं कुणी नाही.

तुला एक विचारू? तिकडे सगळे जमलात की कशावर बोलता? कारण इकडे चार माणसं एकत्र आली की चहा गाळायच्या आत विमानतळ सुरू होतो. कुणाची बॅग हरवली, कुणाला रांगेत ताटकळावं लागलं, कुणाची झोप कशी उलटीपालटी झाली. आत्या, जिला साधा पत्ता सांगता येत नाही, ती सुद्धा हल्ली म्हणते, "तिथून चढण्यापेक्षा इथून चढावं." मी ऐकते. हसायच्या जागी हसते. मग कप गोळा करून आत जाते, कारण आत गेलं की निदान हाताला काम असतं.

मागच्या वेळी आत्याच्या सुनेने मला सहज विचारलं, "तुम्हाला खिडकीची जागा आवडते की कडेची?" नवीन आहे बिचारी. मग दादाच म्हणाला, "अगं, ती नाही जात." नाही जात. एखाद्याला दूध पचत नाही, तसं. मला तेव्हा फार एकटं वाटलं होतं. आता आठवलं तरी तितकं वाटत नाही. हल्ली काहीच तितकंसं वाटत नाही.

आणि मग कुणीतरी हमखास म्हणतंच, "पण तू गेलेलीस की लहानपणी!" गेले होते. बाबा तिकडच्या बॅगांच्या कारखान्यात एक वर्ष होते तेव्हा. मी तीन वर्षांची. तुला आणि दादाला बर्फ आठवतो, शाळा आठवते, ती शेजारची म्हातारी आठवते. त्या गोष्टी तुम्ही इतक्यांदा सांगितल्यात की मलाही पाठ झाल्यात, पण त्या तुमच्या आहेत. माझं स्वतःचं एकच आहे. बॅगेच्या आतलं अस्तर. तपकिरी, त्यावर बारीक चौकडी. तू मला बॅगेत बसवून खोलीभर ओढत होतीस. माझ्या अंगात तुझा स्वेटर होता, बाह्या दुमडलेल्या. तुझेच कपडे यायचे ना मला. एवढंच माझं परदेश. कुणाची बॅग उघडली की मी अजून आधी अस्तर बघते. तसलं पुन्हा कुठे दिसलं नाही.

एक गोष्ट कुणालाच माहीत नाही. तुझ्या त्या फोननंतर मी पासपोर्ट काढला. रागाने काढला. म्हटलं, दाखवतेच हिला. फोटोत मी अशी दिसतेय, जणू फोटोवाल्याशीच भांडण झालंय. दाखवणं राहून गेलं. तो चेनच्या डब्याखाली असतो. आधी काढून बघितला की पोटात काहीतरी हलायचं. आता डबा उचलताना हाताला लागतो आणि मी तो बाजूला सारते.

हेही टाकणार नाही. लग्न नीट पार पडो.

धाकटी


३ मार्च

ताई,

हे मात्र टाकणार आहे. पेटीत पडेपर्यंत विचार बदलला नाही तर.

सकाळी वहिनी आली. बॅगेचं हँडल तिने हातात आणलं होतं आणि बॅग काखेत. स्टुलावर बसली आणि सुरू झाली. तुझं घर, तुझं स्वयंपाकघर, नवरामुलगा किती उंच. "आणि तिथे सामानाच्या पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा मेल्या एकसारख्या! मी लाल रिबीन बांधली होती म्हणून निभावलं. नाहीतर कुणाची तरी घेऊन आले असते." मी हूं हूं करत हँडलचे स्क्रू शोधत होते.

"आणि हॉल इतका मोठा, इतका गरम की विचारू नकोस. कोट काढला तर ठेवायचा कुठे? नशीब तुझी खुर्ची मोकळी होती."

मी म्हटलं, "माझी?"

"हो ना. ताईंच्या शेजारची. म्हणजे... तुझ्यासाठी ठेवली होती ना त्यांनी. कुणाला बसूच देईनात. नवऱ्यामुलाची आजी बसायला आली तर तिलाही पलीकडे नेऊन बसवलं. मी आपला कोट टाकला, तर तोही उचलून माझ्या मांडीवर दिला. म्हणाल्या, राहू दे ती तशीच." मग वहिनीने जीभ चावली. "तुला दादा बोलला नाही?"

दुपारी दुकान बंद करून मी दादाच्या ऑफिसात गेले. आजवर कधी गेले नव्हते. त्याला वाटलं, कुणाला काही झालं.

"ताईने मला बोलावलं होतं?" मी विचारलं.

तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. "विचारत होती. चार-पाच वेळा विचारलं असेल."

"मग?"

"मग काय? सांगितलं, ती नाही यायची. तूच कायम म्हणतेस ना, 'मला मेलीला कुठे जायचंय?'"

"या वेळी मला विचारलंस?"

"अगं, तू नाही म्हणणार, तिला वाईट वाटणार, तिला वाईट वाटलं की तू चिडणार आणि मधल्या मध्ये मी भरडला जाणार. म्हटलं, कशाला? शिवाय तुझ्याकडे साधा पासपोर्ट नाही."

आहे, असं मी म्हणाले नाही. का नाही म्हणाले, माहीत नाही. तो वाईट नाहीये, ताई. लहानपणापासून तो माझ्या वतीने बोलत आलाय. हॉटेलात माझं काय हवं ते तो सांगतो, डॉक्टरला माझं कुठे दुखतंय ते तो सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. मलाही ते सोयीचं होतं. निघताना मला म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच गं," आणि त्याचे डोळे भरले होते. माझे कोरडे ठणठणीत.

मला राग यायला हवा होता. आला नाही. बसून बसून पायाला मुंग्या यायच्या आधी तो जसा आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाला झालं होतं. परत येऊन वहिनीचं हँडल बसवलं. नीट बसवलं.

तू म्हणाली होतीस ते मी विसरलेले नाही. विसरणारही नाही. पण तू कोट उचललास. लग्नघरात एवढी माणसं, एवढी धांदल आणि तू एका रिकाम्या खुर्चीची राखण करत बसलीस, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीये.

का ठेवलीस ती?

फोन नंबर तोच आहे.

धाकटी


२१ मे

ताई,

फोनवर मला बोलता येत नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. तू म्हणालीस, "पत्र मिळालं." मी म्हटलं, "बरं." तू म्हणालीस, "खुर्ची का ठेवली म्हणजे काय गं? तुझी होती म्हणून ठेवली." मग तू रडलीस आणि मी फोन धरून बाहेर चष्मेवाल्या काकांकडे बघत राहिले. ते फडक्याने काचा पुसत होते. शेवटी तू म्हणालीस, "ये ना." मी म्हटलं, "बघते." एवढं आपलं बोलणं. त्या जुन्या वाक्याबद्दल तूही काही बोलली नाहीस आणि मीही काढलं नाही. समोरासमोर काढू कदाचित. म्हणून हे लिहितेय. हे आणि आधीची दोन, तिन्ही तुझ्या हातात देईन.

उद्या निघायचंय.

व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या बाईने विचारलं, "याआधी परदेशात गेला आहात?"

मी म्हटलं, "हो. तिसऱ्या वर्षी."

"मोठेपणी?"

"नाही."

तिने कुठेतरी फुली मारली आणि पुढच्याला बोलावलं. माझ्या आयुष्यभराच्या गोष्टीवर एक फुली, तीही न बघता. मला हसू आलं.

पासपोर्ट दादासमोर ठेवला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आधी तारीख बघितली, मग मला बघितलं. "इतकी वर्षं? आणि बोलली नाहीस?" म्हटलं, तू विचारलं नाहीस. तेव्हापासून तो फार जपून बोलतोय. उद्या सोडायला येतो म्हणाला, मी नको म्हटलं. मग दुकानाची एक किल्ली त्याला देऊन टाकली, त्याला तेवढंच बरं वाटलं.

बॅगेचं सांगायचं राहिलं. एक नवराबायको दोन निळ्या बॅगा दुरुस्तीला टाकून गेले होते, जुळ्या, ते पुन्हा आलेच नाहीत. किती वर्षं माळ्यावर पडून होत्या. एक मी माझ्यासाठी घेतली. चार चाकं नवी घातली. पोरीसाठी एक पिशवी शिवलीय, चांगल्या कातड्याची, ती मधोमध ठेवलीय आणि सभोवती माझे कपडे. वहिनी म्हणते तशी ओळखायला खूण हवी, पण मी रिबीन कुठून आणू? पडद्याची चिंधी बांधून टाकली. दुसरी बॅगही हातासरशी दुरुस्त केली, विकून टाकता येईल. आज ओढून बघितली, छान पळते. आता दोघी दाराशी उभ्या आहेत.

मला आनंद व्हायला हवा, असं सगळे म्हणतात. वहिनी तर माझ्या वाटचाही आनंद करून घेतेय. मला अजून काही होत नाहीये. उद्या होईल, असं वाटतंय. किंवा तिथे आल्यावर.

धाकटी


२२ मे, विमानतळावरून

ताई,

मी आत आहे. विमानाला वेळ आहे. तुला फोन केला असता, पण मला हसू येईल की रडू, याचा भरवसा नाही, म्हणून लिहूनच काढते.

सकाळी दुकानाला कुलूप लावलं, बॅग उचलली आणि निघाले. चष्मेवाले काका म्हणाले, "काय, निघालीस का?"

"निघाले."

"वा!" आणि पुन्हा मान खाली.

मी थांबले. म्हटलं, "काका, खरंच निघाले. बहिणीकडे."

"अगं, आम्ही कुठे खोटं म्हणतोय?" असं म्हणून ते बारका स्क्रू पिळायला लागले. फुलवालीने नेहमीसारखं "आम्हाला काहीतरी आण हं!" केलं आणि मी नेहमीसारखं "आणते" म्हटलं. तुला सांगते, गल्लीच्या टोकाला माझे पाय आपोआप वळले. रोज वळतात तसे. चाकंही वळली. मग मी तिथेच उभी राहिले, एक रिक्षा गेली, एक सायकल गेली, आणि मग सरळ निघाले.

इथे खिडकीवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवली आणि खूश झाली. "अगदी बरोबर वजन! लोक तास तास भांडतात हो." मी म्हटलं, सवय आहे. तिने पट्टी चिकटवली, बॅग गेली. मी वहिनीने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. जोडे काढले, घड्याळ काढलं, हात वर केले. आणि बसते न बसते तोच माझ्या नावाचा पुकारा.

एका लहान खोलीत नेलं. टेबलावर माझी बॅग, शेजारी दोन अधिकारी, एक तरुण आणि एक पिकल्या केसांचा. "उघडा," म्हणाले. मी चेन ओढली. वर जुनी चादर. चादर बघितली आणि माझ्या लक्षात आलं.

पिकलेल्याने एक कागद सोडवला. "हे काय आहे?"

"वीट."

"आणि हे?"

"सगळ्या विटाच आहेत."

"विटा घेऊन चाललात?"

"चाकं तपासायला असतात," मी म्हटलं. "म्हणजे दुकानात. दोन बॅगा आहेत. दोन्हींना चिंधी होती. कपड्यांची दुकानातच राहिली."

काल दुसरीला मी चिंधी बांधली, ओढून आणली, आणि मी निघणार म्हणून वहिनी भेटायला आली, त्यात विटा काढायच्या राहिल्या. जन्मभर ज्या खुणेवर भरवसा ठेवला, तीच दोन बॅगांना बांधून बसले. तरुण अधिकाऱ्याने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. मग पिकलेलाही हसला, मग मीही. आम्ही तिघांनी विटा काढून भिंतीशी रचल्या. तो म्हणाला, "बाई, बाकी बॅग मस्त आहे." म्हटलं, चाकं माझी आहेत.

आता खरं सांगते. विटा दिसल्याबरोबर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? सुटले. अंगावरच्या कपड्यांनिशी कोण परदेशात जातं? आता परत जाता येईल आणि कुणी काही म्हणणार नाही. मला इतकं हलकं वाटलं की माझी मलाच भीती वाटली.

दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, "अरे देवा! मग ये तू परत. अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. ताईला मी सांगतो नीट समजावून, तिला कळेल. पुढच्या वेळी मी स्वतः नेतो तुला." किती प्रेमाने म्हणाला. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "दादा, तू काही सांगू नकोस. मी सांगते."

"काय सांगतेस?"

"येतेय म्हणून."

पलीकडे कागद सारखे केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "जेवलीस का?"

त्याला सांगितलंय, दुसरी बॅग उघडून पोरीची पिशवी टपालाने पाठव. कपडे राहू देत.

आत्ता काचेजवळ बसलेय. पोटात काहीतरी हलतंय. भीती आहे बहुतेक. ओळख पटायला वेळ लागला, फार दिवसांनी आली ना.

माझी बॅग रिकामी येतेय, चिंधी तशीच आहे. तेव्हा ताई, कपाटातून तुझं काहीतरी काढून दे. जुनं चालेल. बाह्या लांब होतील, मी दुमडून घेईन.

धाकटी